ओझे चढविण्याचा हिशेब होतो, उतरविण्याचा कोण करणार?

खानदेशातील कोणत्याही बाजारपेठेत ओझे उचलण्याचे यंत्र घ्यावयास आलेले गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो असा : "हे किती वजन उचलते?" दुकानदाराकडे उत्तर तयार असते. अर्धा टन, एक टन, दोन टन. भाव ठरतो, यंत्र गाडीत चढते आणि व्यवहार पुरा होतो. तेच वजन खाली सोडताना किती वेगाने येईल, मध्येच थांबवायचे झाले तर थांबेल काय, आणि चालविणाऱ्याचा हात किंवा पाय निसटला तर काय होईल, हे प्रश्न गिऱ्हाईक विचारीत नाही आणि दुकानदारही आपण होऊन सांगत नाही.

आमच्या मते हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. किंबहुना माणसाचा जीव ज्यावर अवलंबून आहे असा प्रश्न तोच आहे. आणि तो आमच्या वाचकांशी थेट संबंधित आहे. जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात खोल बोअरमध्ये पंप सोडले जातात. धुळे जिल्ह्यात काळ्या पाषाणात विहिरी खोदल्या जातात. डाळ मिलमध्ये पोती, जिनिंगमध्ये गाठी आणि दुकानांच्या माळ्यांवर मालाची खोकी रोज वर-खाली होत असतात. ही यंत्रे तयार करणारे वेल्डर आणि लेथवाले, ती बसविणारे फिटर, ती चालविणारे मिस्त्री आणि त्यांचे सुटे भाग विकणारे हार्डवेअरचे दुकानदार यांत आमचे बांधव मोठ्या संख्येने आहेत. म्हणून हा विषय केवळ इंजिनिअर मंडळींवर सोपवून चालणार नाही.

चढण आणि उतरण सारखी नाही

ओझे वर नेताना इंजिन किंवा मोटर काम करते. इंजिन बंद पडले तर ओझे मागे येऊ नये म्हणून ड्रमला दात्यांचे चाक असते आणि त्यात खटका अडकतो. ही सोय बहुतेक यंत्रांत असते आणि ती चांगली आहे. परंतु ओझे खाली सोडायचे म्हटले की तोच खटका आधी वर उचलावा लागतो, एरवी ड्रम उलटा फिरणारच नाही. म्हणजे चढताना जो रक्षक होता, तो उतरताना आपल्याच हाताने बाजूला केला जातो. त्यानंतर ओझे आणि जमीन यांच्यामध्ये उरतो तो फक्त ब्रेक. आणि तो ब्रेक कोणाच्या तरी पायाखाली असतो.

आकडे पाहिले म्हणजे धोका किती मोठा आहे हे ध्यानात येते. ६० फूट खोल विहिरीत वरून सुटलेली वस्तू तळाला पोहोचावयास दोन सेकंदही लागत नाहीत. तळाशी तिचा वेग ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास असतो. खाली काम करणाऱ्या मजुराला वरून "हटा!" अशी हाक ऐकू येऊन तो मान वर करीपर्यंत सर्व संपलेले असते. दोन सेकंदांत माणूस सावध होऊन ब्रेक दाबील आणि तो लागेलही, असा भरवसा ठेवणे हा हिशेब नव्हे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ३०० किलोचे ओझे ६० फूट खाली उतरले की त्याच्या उंचीत साठलेली सर्व शक्ती कोठेतरी जावीच लागते. ब्रेकने उतरविले तर ती ब्रेकच्या पट्टीत आणि ड्रममध्ये उष्णता होऊन शिरते. एका खेपेची उष्णता एक लिटर पाणी १३ अंशांनी तापविण्याइतकी असते. दिवसात अशा ६० खेपा झाल्या तर ती दहा लिटर पाणी उकळावयास पुरेल. शिवाय वेग वाढविला की ही उष्णता अधिक घाईने येते. हेच ओझे सेकंदाला २ फूट वेगाने उतरविताना ब्रेकला सुमारे अडीच अश्वशक्ती पचवावी लागते, तर सेकंदाला ६ फूट वेगाने सात अश्वशक्ती. सकाळी उत्तम लागणारा ब्रेक दुपारी का घसरतो, पट्टी काचेसारखी गुळगुळीत का होते, याचे उत्तर येथे आहे. मिस्त्री म्हणतो, पट्टी हलकी निघाली. कधी कधी ते खरेही असते. परंतु बहुधा पट्टी हलकी नसते, तिच्यावर टाकलेले काम भारी असते.

मोटेचे बैल आणि खुंटाचा वेढा

आमच्या वाडवडिलांना हा प्रश्न नवा नव्हता. विहिरीवर मोट चालत होती तेव्हा भरलेली मोट वर आणण्यासाठी बैल धावेवरून उतरत जात. मोट थारोळ्यात रिकामी झाली की बैल पाठीमागे सरकत धाव चढत आणि त्यांच्या पावलांच्या गतीने मोट खाली जाई. नाडा कधीही मोकळा सोडला जात नसे. मोट चढतानाही बैलांच्या ताब्यात होती आणि उतरतानाही. ऑइल इंजिन आणि विजेचे पंप आले, मोटा गेल्या. त्यांच्याबरोबर उतरत्या ओझ्याला शेवटपर्यंत धरून ठेवण्याची ती रीतही गेली.

दुसरी जुनी युक्ती दोराला खुंटाभोवती वेढे देण्याची. जड लाकूड किंवा यंत्र खाली सोडताना हमाल दोराला मजबूत खुंटाचे दोन-तीन वेढे देतो आणि शेवटचे टोक हातात धरून हळूहळू ढील देतो. यामागचे गणित मोठे विलक्षण आहे. दोर आणि लाकूड यांचे घर्षण साधारण असले, म्हणजे त्याचा गुणांक ०.३ धरला, तर एका वेढ्याने हाताची ताकद साडेसहा पट होते, दोन वेढ्यांनी ४३ पट आणि तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. वेढा वाढला की ताकद बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते.

परंतु याच गणिताची दुसरी बाजू भयंकर आहे. दोर तेलकट झाला आणि घर्षण निम्म्यावर आले, तर तीन वेढ्यांचे २८५ पट निम्मे होत नाहीत. ते अवघे १७ पट उरतात. ब्रेकच्या पट्टीलाही हाच नियम लागू आहे, कारण पट्टी म्हणजे ड्रमभोवतीचा एक अपुरा वेढाच होय. पट्टी ड्रमला पाऊण फेरा वेढते असे धरा. घर्षण निम्मे झाले, तर दांड्यावर तितकाच जोर देऊनही रोखण्याची ताकद निम्मी नव्हे, एक-तृतीयांश राहते. बेअरिंगमधून गळलेले थोडे ग्रीस किंवा डिझेलचा एक ओघळ एवढे करू शकतो. पट्टीवर तेल पडले तरी "लागतो थोडा" म्हणून काम चालू ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तीन कामे आणि तीन बंदोबस्त

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. उतरत्या ओझ्याच्या बाबतीत यंत्राला तीन निरनिराळी कामे करावी लागतात. पहिले, ओझे जेथे आहे तेथे धरून ठेवणे. दुसरे, ते ठरलेल्या संथ वेगाने खाली आणणे. तिसरे, काही बिघडून वेग वाढलाच तर ते तेथल्या तेथे अडकविणे. आपल्याकडील बऱ्याच यंत्रांत ही तिन्ही कामे एकाच पट्टीवर आणि एकाच माणसाच्या पायावर टाकलेली असतात. आमचा आक्षेप याला आहे.

धरून ठेवण्याच्या कामाचा नियम असा की ब्रेक स्वतःहून लागलेला असावा आणि माणसाने तो सोडावा. माणसाने लावावा आणि एरवी तो मोकळा असावा, हे उलटे आहे. भुसावळच्या यार्डातील कोणत्याही अनुभवी रेल्वे कामगाराला विचारा. गाडीचे डबे तुटून वेगळे झाले आणि ब्रेकचा पाइप फुटला तर ब्रेक आपोआप लागतात. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने १८७२ च्या सुमारास ही स्वयंचलित रीत आणली. त्याच्या पहिल्या रचनेत पाइपात हवा भरून ब्रेक लावावा लागे आणि पाइप फुटला तर ब्रेकच नाहीसा होई. त्याने ते उलटे केले. विजेच्या चांगल्या होइस्टमध्येही हेच तत्त्व असते. स्प्रिंग ब्रेक दाबून धरते आणि विजेचे चुंबक तो उचलते. वीज गेली की ब्रेक लागतो. ज्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेथे याहून योग्य रचना कोणती?

संथ वेगाने उतरविण्याचे काम वेगळे. त्याची उत्तम शिकवण आमच्या ट्रक ड्रायव्हरांकडे आहे. चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट उतरताना कोणताही जाणता ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करीत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरतो. इंजिन गाडीला मागे धरते आणि ब्रेक थंड राहतो. मग विहिरीवरील क्रेनचा डबा गिअर मोकळा करून निव्वळ पायाच्या ब्रेकवर का सोडावा? घाटात जो मूर्खपणा समजला जातो तो विहिरीवर हुशारी कसा ठरतो?

वेग आपोआप मर्यादेत ठेवण्याची आणखी एक युक्ती आहे आणि ती प्रत्येक गॅरेजवाल्याच्या ओळखीची आहे. लूना मोपेडचा क्लच ज्याने उघडला आहे त्याला ठाऊक आहे की इंजिन वेगाने फिरू लागले की आतील जोडे बाहेर फेकले जातात आणि बाहेरच्या डब्याला घासून त्याला फिरवू लागतात. आता बाहेरचा डबा फिरू न देता चौकटीला घट्ट बसवा. तोच क्लच ब्रेक होतो. ओझे जितके वेगाने उतरेल तितके जोडे जोराने डब्याला भिडतात. वेग दुप्पट झाला तर त्यांना बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. त्यामुळे ओझे एका ठराविक वेगावर येऊन स्थिर होते, मग ब्रेकवरचा माणूस झोपला तरी. भिंतीवरील जुन्या घड्याळात टोल पडताना जो छोटा पंखा गरगर फिरतो, तोही हेच काम हवेच्या विरोधाने करतो. आमच्या घड्याळजी बांधवांना तो ठाऊक आहे. तो काढून टाकला तर टोल एका दमात घाईघाईने वाजून मोकळे होतील.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. असा जोड्यांचा ब्रेक वेग आवरतो, परंतु ओझे थांबवून धरीत नाही. ड्रम थांबला की जोडे आत जातात आणि पकड संपते. म्हणून तो धरून ठेवणाऱ्या ब्रेकच्या जोडीला हवा, त्याच्या जागी नव्हे. आणि मोपेडचा क्लच काढून एक टनाच्या यंत्राला जोडावा असेही कोणी समजू नये. तत्त्व तेच, परंतु जोडे, डबा आणि स्प्रिंग ओझ्याच्या हिशेबाने बनवावी लागतील.

तिसरे काम अडकविण्याचे. दोर तुटला किंवा ड्रमचा शाफ्टच मोडला तर ब्रेक कितीही चांगला असला तरी व्यर्थ आहे, कारण ओझे आता ब्रेकला जोडलेलेच नाही. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात १८५४ साली एलिशा ओटिस याने उंच पाळण्यावर उभे राहून सर्वांसमोर दोर कापविला होता. पाळणा थोडा घसरून थांबला, कारण दोराचा ताण जाताच त्यावरील स्प्रिंग मोकळी होऊन बाजूच्या मार्गदर्शक खांबांच्या दात्यांत अडकली. त्यानंतरच लोकांना लिफ्टचा भरवसा वाटू लागला आणि उंच इमारती शक्य झाल्या. जेथे माणूस चढतो-उतरतो तेथे या तिसऱ्या बंदोबस्तावाचून चालणारच नाही.

विहिरीवरील क्रेन

धुळे, साक्री, शिंदखेडा या भागांत जमिनीखाली थरावर थर असा काळा खडक आहे. विहीर म्हणजे सुरुंग, फोडलेला दगड आणि तो वर काढणारी क्रेन, जिला मराठीत यारी असेही म्हणतात. डिझेल इंजिन, बहुधा जुन्या वाहनाचा गिअरबॉक्स, एक ड्रम, वायर रोप आणि लोखंडी डबा. हे यंत्र आपल्याच मिस्त्री मंडळींनी गॅरेजमध्ये जुळविलेले असते. मोठ्या कारखान्यातील यंत्र ज्याला परवडले नसते अशा शेतकऱ्याची विहीर त्यामुळे पुरी होते. या हुन्नराचे आम्हाला कौतुक आहे. परंतु उन्हाळ्यात विहिरीवरील अपघाताच्या बातम्या महाराष्ट्रभर येत राहतात. कोठे रोप तुटला, कोठे क्रेन उलटली, कोठे डबा सुटला. खाली असणारे बहुधा रोजंदारीचे मजूर, कधी एकाच घरातील दोघे-तिघे. त्यांच्या घरी जाऊन "नशीब" हा शब्द उच्चारणे सोपे आहे. ब्रेकची पट्टी केव्हा बदलली होती, हे सांगणे कठीण जाते.

विहिरीवर भरलेला डबा वर येतो आणि रिकामा खाली जातो, म्हणून उतरण्याचा धोका कमी, असे काही जण म्हणतात. हे पूर्ण खरे नाही. रिकामा डबाही लोखंडाचाच असतो. शिवाय ड्रिलची यंत्रे, बांधकामाचे दगड, सिमेंट आणि रिंगचे लोखंड खालीच जाते. आणि सकाळ-संध्याकाळ माणसेही त्याच डब्यात उभी राहून जातात. जो डबा दगडासाठी केला तो माणसासाठी केलेला नाही. माणसांसाठी शिडी किंवा अडकविण्याच्या बंदोबस्ताचा स्वतंत्र पाळणा असावा, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

बोअरमधील पंप

यावल-रावेरकडे चित्र वेगळे आहे. तेथे तापीच्या खोऱ्यातील गाळाचे जाड थर आहेत, केळीने पाणी खेचले आणि भूजल खोल गेले. तेथे पंप शेकडो फूट खाली सोडावा लागतो. या कामातील धोका असा की ओझे दर पाइपागणिक वाढत जाते. अडीच इंची लोखंडी कॉलम पाइपाचे २० फुटी नग सुमारे ४० किलोचे असते. पंप आणि मोटर मिळून १०० किलो धरा. पहिला पाइप जोडला तेव्हा तिकाटीवर १४० किलो लटकत असते. ६०० फुटांवर तिसावा पाइप जोडला तेव्हा १३०० किलो. नऊ पटींहून अधिक. पाण्यात बुडालेला भाग थोडा हलका होतो हे खरे, परंतु हिशेब हवेतील वजनाचाच धरावा. पंप परत काढताना झडपेमुळे पाइपात पाणी अडकून राहिले तर साडेसहाशे किलोंहून अधिक वजन आणखी वाढते.

माणसाचा हात मात्र सकाळी होता तोच असतो, उलट थकलेला. पहिल्या दहा पाइपांत ब्रेक चांगला लागला म्हणून तिसाव्यालाही लागेल, हा समज येथे घात करतो. अलीकडे यूपीव्हीसी कॉलम पाइप आल्याने वजन पुष्कळ कमी झाले आहे. परंतु वजन कमी झाले म्हणून यंत्राशिवाय हातांनीच सोडण्याचा मोह होतो, तोही टाळावा.

या कामासाठी चेन पुलीसारखे साधन नाही, असे आमचे मत आहे. ती संथ आहे आणि तिचा संथपणा हाच तिचा गुण आहे. इंग्लंडमधील थॉमस वेस्टन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दुहेरी चाकाची चेन पुली प्रचारात आणली. तिच्यात घर्षण इतके असे की लावलेल्या जोराचा निम्म्याहून अधिक भाग घर्षणातच जाई, आणि त्याचमुळे साखळी सोडली तरी ओझे मागे येत नसे. बारीक आट्यांचा वर्म गिअर याच कारणाने ओझे धरून ठेवतो. जोर वाया जातो खरा, परंतु ती सुरक्षिततेची किंमत असते. तरी झिजलेला आणि हादरे बसणारा वर्म गिअर कधी कधी सरकू लागतो, म्हणून त्यालाही सोबत ब्रेक हवा.

आजच्या चेन पुलीत याहून सुधारलेला ब्रेक असतो. ओझ्याचे वजन शाफ्टला उलटे फिरवू पाहते, तेव्हा शाफ्टवरील आटे आवळले जातात आणि घर्षणाच्या चकत्या खटक्याच्या चाकावर दाबल्या जातात. ओझे जितके जड, पकड तितकी घट्ट. उतरवायचे झाल्यास हातसाखळी उलट ओढून आटे किंचित सैल करावे लागतात. ओझे किंचित उतरते आणि उतरता उतरता स्वतःच आटे पुन्हा आवळून घेते. साखळी ओढणे थांबले की ओझे थांबले. उतरविण्यासाठीही मेहनत करावी लागते, हेच या रचनेचे मर्म आहे. मात्र आवाज येतो म्हणून या कोरड्या चकत्यांवर तेल सोडणारे कारागीर आहेत. त्यांनी असे करणे म्हणजे ब्रेक काढून टाकणेच होय.

दुकानातील माललिफ्ट

शहरांत जागेचे भाव वाढले तसे दुकानदार माळे चढवू लागले आणि माल नेण्यासाठी विंच बसवू लागले. कारखान्यांपुरते बोलायचे तर १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २८ व्या कलमाने होइस्ट व लिफ्टची जाणकाराकडून दर सहा महिन्यांनी आणि २९ व्या कलमाने उचलण्याची यंत्रे, साखळ्या व दोर यांची दर वर्षी तपासणी सांगितली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. परंतु शेतातील विहीर आणि गल्लीतील दुकानाचा माळा कारखान्यांत मोडत नाहीत. तेथे इन्स्पेक्टर फिरकत नाही. म्हणूनच तेथे मालकाचे स्वतःचे इमान हीच तपासणी. सहा महिन्यांची ती मुदत कायद्याने लादली नसली तरी आपणहून पाळण्यात काय अडचण आहे?

खर्चाचा आणि वेळेचा आक्षेप

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की काम रेंगाळेल. हिशेब करून पाहू. ६० फुटांच्या विहिरीत डबा सेकंदाला ६ फूट वेगाने सोडला तर १० सेकंद लागतात आणि २ फूट वेगाने सोडला तर ३० सेकंद. एका खेपेला २० सेकंद अधिक. दिवसाच्या ६० खेपा धरल्या तर २० मिनिटे. एका दिवसात वीस मिनिटे वाचविण्यासाठी खालच्या चार माणसांच्या डोक्यावर टांगती तलवार ठेवावयाची, हा सौदा कोणत्या व्यापाऱ्याला फायद्याचा वाटेल?

दुसरा आक्षेप खर्चाचा. स्प्रिंगने लागणारा आणि दांड्याने सुटणारा ब्रेक, वेग आवरणारे जोडे, थोडी अधिक रुंद पट्टी, यांना पैसे पडतात हे आम्ही नाकारीत नाही. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून मिस्त्री करीत नाही आणि मिस्त्री करीत नाही म्हणून गिऱ्हाईकाला ते ठाऊक नाही, असे हे चक्र आहे. ते कारागिरानेच तोडावे, असे आम्हाला वाटते, कारण ज्ञान त्याच्याकडे आहे. आणि यात त्याचा धंदाही आहे. आज दहा गॅरेजवाले सारखीच क्रेन बनवितात आणि केवळ भावावर एकमेकांना पाडतात. त्यांतील एकाने गिऱ्हाईकासमोर भरलेला डबा अधांतरी ठेवून दांडा सोडून दाखविला आणि डबा जागचा हलला नाही, तर त्याला हजार रुपये अधिक मागताना संकोच करावा लागणार नाही. भाव पाडण्याची स्पर्धा गरीब कारागिराला अधिक गरीब करते. भरवशाची स्पर्धा त्याला नाव मिळवून देते.

काय करावे?

यंत्र बनविणाऱ्यांनी प्रत्येक यंत्रावर दोन आकडे कोरावेत : किती वजन उचलावे आणि कमाल किती वेगाने उतरवावे. ब्रेक हाताने लावण्याचा नव्हे, हाताने सोडण्याचा करावा. पट्टीवर तेल किंवा पाणी पडणार नाही असे झाकण ठेवावे. रोप पूर्ण उतरला तरी ड्रमवर किमान तीन वेढे शिल्लक राहतील इतकी लांबी ठेवावी. वेढ्यांचे गणित वर दिलेच आहे, शेवटच्या खिळ्यावर ओझे येता कामा नये.

यंत्र भाड्याने देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी कामाच्या पहिल्या सकाळी एक परीक्षा करावी. नेहमीच्या वजनापेक्षा सव्वापट वजन जमिनीपासून केवळ अर्धा फूट उचलावे, खाली कोणी नाही याची खात्री करावी आणि दांडा सोडून द्यावा. ओझे थांबले तर काम सुरू करावे. सरकले तर पट्टी बदलेपर्यंत विहिरीत कोणालाही उतरू देऊ नये. या परीक्षेला पाच मिनिटे लागतात आणि ती मालकासमोर व्हावी. रोपाच्या तारा तुटलेल्या दिसल्या तर गाठ मारून किंवा जोड देऊन काम चालवू नये. उतरत्या ओझ्याखाली कोणी उभे राहू नये, डबा येताना मजुरांना बाजूला होण्यासाठी कपार ठेवावी आणि खाली-वर निरोपासाठी ठरलेली खूण असावी.

सुटे भाग विकणाऱ्या दुकानदारांनी ब्रेकची पट्टी विकताना ती कोणत्या कामासाठी हवी हे विचारावे. मोटारीच्या ब्रेकची पट्टी आणि सतत घासत राहणाऱ्या ड्रमची पट्टी यांत फरक आहे. स्वस्त माल विकून गिऱ्हाईक एकदा येते, योग्य माल विकून दहादा येते.

जळगाव आणि धुळे येथे शासकीय आयटीआय आणि पॉलिटेक्निक आहेत. तेथे शिकणारी आमची मुले परीक्षेसाठी ब्रेकची गणिते सोडवितात, आणि त्यांचेच काका-मामा गॅरेजमध्ये अंदाजाने ब्रेक बसवितात. या दोघांची गाठ घालून देणे हे काम प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे. उस्तादाच्या हातातील अनुभव आणि शागिर्दाच्या वहीतील हिशेब एका टेबलावर आले तर खानदेशी क्रेन बाहेरच्या जिल्ह्यांतही मागणीने जाईल.

आपल्या यंत्रांनी ओझी उचलून दाखविली आहेत. कामाच्या जागी मालकाने, मिस्त्रीने किंवा मजुराने कोणीही एक प्रश्न मोठ्याने विचारावा : आता हात सोडला तर काय होईल? ज्या यंत्राजवळ या प्रश्नाचे उत्तर "काही होणार नाही" असे मिळते तेच यंत्र घ्यावे, तेच भाड्याने लावावे आणि तेच बनवावे. उत्तर देताना कोणी अडखळला, तर त्या दिवशी विहिरीतील माणसे आधी वर बोलवावीत आणि मग पान्हा हाती घ्यावा.